हाकेला दोन ओ

कान गेलाय हे ज्याचा गेलाय त्याला सोडून घरात सगळ्यांना माहीत असतं, असं मधली म्हणायची. म्हणायचा तिला हक्कही होता, कारण तिचं पोट त्यावरच चालायचं. तीन बहिणींतली मधली म्हणून घरात ती मधली, आणि मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर कान तपासायच्या खोलीत ती कानवाल्या बाई. थोरली आणि धाकटी लग्नं करून लांब गेल्या. मधलीने लग्न केलं नाही, बाबांना सांभाळलं, आणि त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणजे केलं, पण बाबांना दिसेल असं नाही.

तिच्या खोलीच्या पोटात आणखी एक खोली होती. जाड भिंती, दाराला रबराची कड, आत एक खुर्ची आणि एक काच. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. मग बाहेरून मधली बारीक आवाज सोडायची. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, की इकडे दिवा लागायचा. काही लोक आवाज सोडलेला नसतानाही दाबतात. ते खोटं बोलत नसतात. इतकी शांतता मिळाली की कान स्वतःच काहीतरी तयार करतो. मधली अशा वेळी कागदावर बारीकशी फुली मारायची आणि पुढे जायची.

आता गंमत अशी, की या कानवाल्या बाईंचा डावा कान जन्मापासून ठार बंद होता. दवाखान्यात हे कुणालाच माहीत नव्हतं. ती नेहमी सगळ्यांच्या डावीकडून चालायची, बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची पकडायची, आणि डावीकडून कोणी बोललं की उत्तर न दिल्यामुळे शिष्ट म्हणवून घ्यायची. शिष्ट चालेल, बहिरी नको. बाबांचाही डावा कान तसाच. गॅरेजात जन्म काढलेला माणूस, एंजिनाच्या आवाजाने गेला असेल असं ते इतरांना सांगायचे. आजोबांचाही तसाच होता, पण आजोबा युद्धातून आलेले, त्यांचा तोफेने गेला असं सगळे धरून चालत. त्या पिढीत असे कान गल्लोगल्ली होते.

बाबांच्या हृदयाची झडप बदलायची ठरली तेव्हा हे सगळं वर आलं. दवाखान्यातून भरायला कागद मिळाला. बाबांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला, आणि वडिलांच्या नावापाशी पेन थांबलं. मधलीला वाटलं चष्मा हवाय. बाबांनी पेनाला टोपण घातलं.

"मधले, इथे काय लिहू?"

ती म्हणाली, आजोबांचं नाव लिहा, आणखी काय. बाबा म्हणाले की जन्मभर लिहिलंच, पण शाळेच्या दाखल्यावर लिहिणं वेगळं आणि छाती उघडून टेबलावर पडताना लिहिणं वेगळं. कोणाचा मुलगा म्हणून पडायचं ते आधी कळू दे, मग पडतो. डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस लांबवू नका. बाबांनी कागद घडी करून उशीखाली ठेवला. हट्टी माणूस, मुलीच्या वळणावर गेलेला.

मूळ होतं आजीच्या एका वाक्यात. बाबा लहान असताना आजोबांचा मार खाऊन रडत आजीच्या कुशीत शिरले होते. आजीने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझा नवरा नदीत गेला. हा कोण आलाय कुणाला ठाऊक." रागात बोलली असेल म्हणावं, तर आजी रागात कधी बोलत नसे. ती हे अगदी शांतपणे बोलली, भांडी घासता घासता सांगावं तसं. त्यानंतर तिने या विषयावर तोंड उघडलं नाही, आणि बाबा तो काटा सत्तर वर्षं पायात घेऊन फिरले.

आजोबांच्या परत येण्याची गोष्ट घरात एकट्या आत्याला आठवत होती. आत्या बाबांपेक्षा बरीच मोठी. तिचा जन्म युद्धाच्या आधीचा, बाबांचा नंतरचा. ती सांगायची, आधी तार आली, नदी ओलांडताना बेपत्ता, मेल्याचं समजावं. आजीने कपाटातले त्यांचे कपडे वाटून टाकले. पुढे दोन-तीन वर्षांनी एका सकाळी दार वाजलं. आजीने आतूनच विचारलं, कोण आहे? बाहेरून ओ आली, "मी." आणि तिच्या पाठोपाठ दुसरी, बारीक, पोरसवदा आवाजातली, "मी." आजीने दार उघडलं. बाहेर एकच माणूस उभा होता. आजीने त्याच्या खांद्यावरून पायऱ्यांकडे, रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, दुसरा कुठाय? तो माणूस आत आला आणि भिंतीला टेकून बसला. तोंड तेच होतं. पण युद्धातून आलेल्या सगळ्यांचंच तोंड तसं असतं, असं आजी म्हणे.

तेव्हापासून त्या घरात आजोबांना हाक मारली की दोन ओ यायच्या. एक जाड, एक बारीक. शेजारी हसायचे, म्हणायचे, तुमचे यजमान व्याजासकट ओ देतात. मधलीलाही ते आठवत होतं. तिला तर लहानपणी वाटायचं की सगळेच आजोबा असे असतात.

मधलीने बाबांना समजावलं, चिडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले आणि युद्धकाळच्या सैनिकांची कागदपत्रं जिथे ठेवतात त्या कचेरीत अर्ज टाकला. उत्तर यायला वेळ होता. तेवढ्यात बाबांचा उरलेला उजवा कानही पार मंदावला होता, म्हणून तिने त्यांना कानाचं मशीन बसवून दिलं. चांगलं काम करायला गेली आणि नसती पीडा मागे लावून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "तू हाक मारतेस ना, तर माझ्या ओ नंतर अजून कोणीतरी ओ देतं. आपल्याच घरात."

मशीन शिट्टी मारतं कधीकधी, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले, शिट्टी मला कळते, मी आयुष्यभर एंजिनं ऐकलीत. मग तिने त्यांना दवाखान्यात नेलं, आतल्या खोलीत बसवलं आणि शब्दांची तपासणी घेतली. इकडून ती एकेक शब्द बोलणार, आतून बाबा तो परत म्हणणार. पाणी. पाणी. खिडकी. खिडकी. आतला आवाज माइकमधून तिच्याकडे यायचा आणि आवाज आला की मशीनवरचा काटा उडी मारायचा. काही शब्द झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की बाबांच्या प्रत्येक शब्दानंतर काटा दुसऱ्यांदा हलतोय. अगदी थोडा.

तिने कागदावरची नजर काढून काचेतून बाबांच्या तोंडाकडे लावली. म्हणाली, घर. बाबांचे ओठ हलले, घर, काटा उडाला. ओठ मिटले. बाबा शांत बसून पुढच्या शब्दाची वाट बघू लागले, आणि काटा पुन्हा हलला.

सदऱ्याची कॉलर माइकला घासली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांनी त्या दिवशी बिनकॉलरचा सदरा घातला होता. तिने कागदावर फुली मारली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फुली मारताना तिला भीती वाटली.

कचेरीचं बोलावणं आलं. जुनी इमारत, लांबच लांब ओळीत लोखंडी कपाटं, मधे एक टेबल आणि टेबलामागे स्वेटर घातलेल्या एक बाई. स्वेटर उकाड्यातसुद्धा, आत थंडी असते म्हणाल्या, कागदांना बरी असते. त्यांनी आजोबांची फाइल पुढे ठेवली आणि मधलीच्या डावीकडे बसल्या. मधली खुर्ची सरकवून दुसऱ्या बाजूला गेली. बाईंना ते आवडलं नाही.

भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद पहिलाच होता. वजन, छाती, दात. कान: दोन्ही उत्तम. मधलीने ते दोनदा वाचलं. त्या काळी कान कसे तपासत ते तिच्या धंद्यातलंच होतं. रांगेत एकेकाला पुढे घ्यायचं, डॉक्टर पाठीमागे जरा लांब उभा राहायचा, एक कान बंद करायला लावून दबक्या आवाजात आकडे बोलायचा, आणि पुढच्याने ते परत म्हणायचे. आजोबांनी दोन्ही कानांनी सगळे आकडे बरोबर सांगितले होते. पुढची पानं नेहमीची होती, आणि शेवटी एका पानावर लिहिलं होतं: नदीवरच्या गोळीबारानंतरच्या हजेरीला गैरहजर. त्याखाली साक्षीदाराची जबानी. "तो पाण्यात पडला. मी हाक मारली. ओ आली नाही." खाली सही नव्हती, फक्त साक्षीदाराचा नंबर. तो आजोबांच्या नंबराच्या पुढचाच नंबर होता. फाइल तिथे संपली. आजोबांच्या नावापुढे मृत असं लिहिलेलं होतं आणि ते कधीच कोणी खोडलेलं नव्हतं.

मग तिने पुढच्या नंबराची फाइल मागितली. बाईंनी कुरकुर केली, पण आणली. आजोबांच्याच दिवशी, त्यांच्याच मागे रांगेत उभं राहून भरती झालेला मुलगा, वयाने पुष्कळच लहान. त्याचेही दोन्ही कान उत्तम. पुढे प्रत्येक दिवशी हजर. युद्ध संपेपर्यंत हजर. शेवटी सुटकेच्या वेळची तपासणी, आणि त्यात डॉक्टरने लिहिलेलं: डावा कान पूर्ण बंद, तोफेचा परिणाम वाटत नाही, जन्मापासूनचा असावा. त्यापुढे बंदरावर सुटका, आणि बस्स. डावा कान बंद असलेला तो माणूस बंदरावरून कुठे गेला हे तिला चांगलंच माहीत होतं. तो त्यांच्या घरी येऊन भिंतीला टेकून बसला होता.

त्या फाइलीच्या मागे एक गठ्ठा होता. त्या मुलाच्या आईची पत्रं, दर वर्षी एक. माझा मुलगा अजून घरी आला नाही. आणि दर वर्षी कचेरीचं तेच उत्तर: आपला मुलगा सुखरूप सुटला आहे. शेवटची पत्रं दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात होती, बहुधा तिला दिसेनासं झालं होतं. मधलीला ते वाचवेना. तिने फाइल मिटली, आणि पाणी मागितलं.

बाईंनी पाणी दिलं, आणि जरा नरमून सांगू लागल्या, की या दोन फाइलींचा घोळ त्यांना नवा नाही. हजेरी पहाटे अंधारात होत असे. घेणारा मान वर करून पाहत नसे. नंबर पुकारायचा, ओ आली की खूण करायची. एखादा मेला तर त्याचा सोबती काही दिवस त्याचीही ओ द्यायचा. त्याच्या वाट्याचं खाणं मिळायचं, आणि काहींना तर एवढंच वाटायचं, की ओ आहे तोवर घरी तार जाणार नाही. "पण दोन नंबर लागोपाठ असले ना, की घात व्हायचा," बाई म्हणाल्या. "ताप असला, डुलकी लागली, की स्वतःच्या नंबराचा पुकारा निसटायचा. मेलेल्याच्या नंबराला जाग यायची आणि सवयीने त्याचीच ओ जायची. मग स्वतः जिवंत असून मेला. आणि मी इथे आहे असं सांगणार कसं? मग दुसऱ्याची ओ कोणी दिली, असं विचारतील ना."

म्हणजे आजोबाही असू शकतील, मधलीने विचारलं. बाई म्हणाल्या, असू शकतील, किंवा दुसराच तुमच्या पत्त्यावर आला असेल. दोन्ही पाहिलंय. तुमच्या घरी आलेला कोण होता ते कागदाला माहीत नाही.

बाबांपासून लपवायचा तिने विचार केला, पण बाबा दारातच उभे होते. तिने सगळं सांगितलं. हजेरीचं, नदीचं, पत्रांचं. बाबांनी एकच गोष्ट धरली. दोघांचेही कान भरतीच्या वेळी चांगले, आणि सुटला तो जन्मापासून बहिरा. म्हणजे कोणीतरी तिसरंच, किंवा तो दुसरा. काहीही असलं तरी आजीचा नवरा नव्हे. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. मधलीला त्या दिवशी आपल्या बाबांची कीव आली, आणि बाबांची कीव येणं ही फार वाईट गोष्ट असते.

भांडी विसळताना तिला आजोबांचा खेळ आठवला. ते तिला पाठमोरी उभी करायचे आणि पाठीवर बोटं टेकवायचे. जितकी बोटं, तितका आकडा तिने मोठ्याने ओरडायचा. दुसऱ्या नातवंडांशी ते हा खेळ कधी खेळले नाहीत. फक्त तिच्याशीच, जिचा डावा कान बंद होता. बरोबर सांगितलं की म्हणायचे, पास.

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. रांग. पाठीमागून कुजबुजणारा डॉक्टर. आणि डॉक्टर आणि आजोबा यांच्या मधे, आजोबांच्या मागच्या जागेवर उभा असलेला तो पोरगा, ज्याला दोन्ही कानांनी उत्तम ऐकू येत होतं. अनोळखी माणसाच्या पाठीवर त्याने बोटं टेकवली होती. आजोबा जन्मापासूनच बहिरे असतील आणि त्यांनी ते लपवलं असेल, सैन्यापासून आणि नव्या बायकोपासूनसुद्धा. या घराण्याचं खरं दुखणं कान हे नव्हतंच, लपवणं हे होतं.

पण हा झाला अंदाज, आणि अंदाजावर बाबा पेन उचलणार नव्हते. पुरावा एकच होता. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता आणि त्याला आपल्या कानांचा भारी अभिमान होता. आत्या. युद्धाच्या आधी जन्मलेली. तिच्या बापाबद्दल कुणाला शंका नव्हती. तिचा डावा कान चांगला निघाला तर संपलं. बंद निघाला तर तोच बाप युद्धावरून परत आला होता.

आत्या दवाखान्यात यायला मुळीच तयार नव्हती. मला सुई पडलेली ऐकू येते, म्हणाली. मधलीने इतकंच सांगितलं, की भाऊ टेबलावर झोपायला तयार नाही आणि ते तुझ्या कानावर अडलंय. मग आत्या आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, नाकावर माशी बसू न देता, आणि आतल्या खोलीत ताठ बसली. बाबा मधलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

उजव्या कानाला आत्याने झरझर बटण दाबलं. वयाच्या मानाने खरंच छान. मग मधलीने उजव्या कानात वाऱ्यासारखा घरघराट सोडला, म्हणजे त्याने चोरून ऐकू नये, आणि डाव्या कानात आवाज सोडला. दिवा लागला नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला, एवढा, की नुसता हेडफोन टेबलावर असता तरी ऐकू आला असता. आत्या काचेतून त्यांच्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने बटण हळूच मांडीवर ठेवून दिलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लहानपणापासून. लग्नात अडचण नको म्हणून कुणाला सांगितलं नाही. मग राहूनच गेलं."

बाबा उठले आणि त्यांनी बहिणीच्या डाव्या कानावर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा रडला. मधलीनेही आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं. दाराला रबराची कड होती, बाहेर काही गेलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी उशीखालचा कागद काढला आणि वडिलांचं नाव लिहिलं. ठसठशीत, रेघेच्या बाहेर जाईल असं. मग दुसरा कागद मागितला. कचेरीच्या बाईंनी दुरुस्तीचा अर्ज दिला होता: आजोबा जिवंत परतले, पुढच्या नंबराचा मुलगा नदीतच गेला. बाबा तो हातात धरून बराच वेळ बसले. आपल्या बापाने पाठीवरच्या बोटांचं ऋण फेडायला त्या पोराला जन्मभर हजर ठेवलं, आणि तिकडे एका आईला जन्मभर वाट बघायला लावली. दोन्ही एकाच ओ मध्ये. आजोबा तिच्याकडे कधी गेले नाहीत, याची बाबांना लाज वाटली, आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. त्यांनी अर्जावर सही केली.

"पण ऑपरेशन झाल्यावर टाक," ते म्हणाले. "तोवर राहू दे त्याला. जाताना सोबत असलेली बरी."

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने दारातून त्यांच्या पलंगाचा नंबर पुकारला. बाबा म्हणाले, "हजर." सिस्टर हसली. मग तिने वळून मधलीकडे पाहिलं, काहीतरी विचारावं तसं, आणि गाडी ढकलत निघून गेली.

मधली बाहेर बाकावर बसली. अर्ज पिशवीत होता आणि पिशवी डावीकडे बाकावर. तास गेले. ऑपरेशन नीट झालं असं कळलं, घशातली श्वासाची नळी काढली असं कळलं, आणि मग एकदम आतल्या बाजूला धावपळ सुरू झाली आणि कोणी काही सांगेना. दार उघडायचं, बंद व्हायचं. काही न कळता तिने डावीकडची पिशवी उचलून मांडीवर घेतली, बाकावर जागा केली, आणि त्या रिकाम्या जागेकडे न बघता म्हणाली, "जरा बघता का?"

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. घामाघूम. आता ठीक आहे, म्हणाली. मग थांबली, आणि बोलू की नको असं करत बोलली.

"मधे ते गेलेच होते. आम्ही हाका मारत होतो, छाती दाबत होतो, काहीच नाही. डॉक्टर थांबा म्हणणार, तेवढ्यात ओ आली. म्हणून आम्ही पुन्हा सुरू केलं, आणि आले परत." तिने कपाळ पुसलं. "पण तुमच्या वडिलांचा आवाज असा नाहीये ना? सकाळी ऐकला मी. हा अगदी बारीक होता. पोरासारखा."

मधलीने तिला पिशवीतली पाण्याची बाटली दिली. बोललीच असती तर तिला सगळं सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी तिला आत सोडलं. बाबा नळ्यांमध्ये, डोळे मिटून. तिने हाक मारली. "ओ," बाबा म्हणाले, खरखरीत, जाड, त्यांच्याच आवाजात. दोघंही थांबले. यंत्रांची टिकटिक चालू होती. बाबांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे पाहिलं.

"टाक तो कागद," ते म्हणाले. "फेड झाली त्याची. जाऊ दे आईकडे."

घरी परतताना तिने तो टपालात टाकला. काही दिवसांनी बाबा घरी आले. रोज कामावरून आल्यावर ती दारातूनच हाक मारायची, तशी त्या दिवशीही मारली. आतून बाबांची ओ आली. मधली दारात उभी राहिली, चांगला कान आत करून, दुसरीची वाट बघत. मग चपला काढल्या आणि आत जाऊन दिवा लावला.